गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज पाहायला कोणता मीटर घ्यावा, कुठे लावावा आणि कधी वाचावा

लायटर सॉकेटमधला मीटर ११.९ दाखवतो आणि चांगली बॅटरी बदलली जाते. दुसरीकडे, इंजिन बंद केल्याबरोबर १३.० दिसतं आणि संपत आलेली बॅटरी ‘एकदम फुल’ ठरते. दोन्ही ठिकाणी मीटर ठीकच असतो, आकडा घेतलेली जागा आणि वेळ चुकलेली असते. म्हणून कोणता मीटर घ्यायचा हा प्रश्न इथे तिसऱ्या टप्प्यावर येतो. पहिले दोन टप्पे गाळून थेट खरेदीला गेलात तर बहुधा नको ते साधन घ्याल.

## टप्पा १ : बॉनेट उघडा आणि तीन गोष्टी लिहून घ्या

बॅटरीचा प्रकार. लेबलवर ईएफबी किंवा एजीएम (दोन्ही लेड-ॲसिडचेच सुधारित प्रकार) असं लिहिलेलं आहे का पाहा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत या दोनपैकी एक असते. काहीच लिहिलेलं नसेल तर ती नेहमीची लेड-ॲसिड बॅटरी.

क्षमता. लहान पेट्रोल हॅचबॅकमध्ये ३५ एएच (अँपिअर-तास) सर्रास दिसते (लेबलवर ३८बी२०एल असा क्रमांक असतो). डिझेल गाड्यांत आकडा मोठा असतो. गाडी उभी असताना बॅटरी किती दिवस तग धरेल, हे या आकड्यावर ठरतं.

निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर आहे का. काळ्या वायरच्या क्लॅम्पला चिकटून लहान काळी डबी आणि तिच्यात जाणारा बारीक वायरींचा प्लग दिसला, तर गाडीत बॅटरी सेन्सर आहे. अशा गाडीत अल्टरनेटरचं (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचं) व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो आणि ते सतत वरखाली होतं. पुढे तीन ठिकाणी याचा संबंध येणार आहे.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते, कधी डिकीत तर कधी सीटखाली. इलेक्ट्रिक गाडीत तिला अल्टरनेटरऐवजी डीसी-डीसी कन्व्हर्टर चार्ज करतो आणि सेल्फचा प्रश्नच नसतो, त्यामुळे सहाव्या टप्प्यातली सेल्फची चाचणी तिथे गैरलागू. १२ व्होल्टची बॅटरी लिथियमची असेल तर पुढचे आकडेही लागू नाहीत.

## टप्पा २ : कोणता आकडा काय सांगतो

लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट. गाडी कित्येक तास बंद आहे, बॅटरीवर काही लोड नाही आणि तापमान २५ अंशांच्या आसपास आहे, अशा वेळचे आकडे:

- १२.६ ते १२.७ – पूर्ण चार्ज
- १२.४ – सुमारे ७५ टक्के
- १२.२ – सुमारे निम्मी
- १२.० – सुमारे पाव
- ११.८ किंवा कमी – उतरलेली

एजीएम पूर्ण चार्ज असताना १२.८ किंवा थोडी वर असते. स्थिरावलेलं व्होल्टेज १०.५ च्या आसपास असेल, तर एक सेल शॉर्ट झाल्याचा दाट संशय घ्या. १२.६ मधून एक सेल वजा केला की तोच आकडा येतो, आणि अशी बॅटरी चार्जरला लावून उपयोग नाही.

ही यादी पुन्हा नीट पाहा. भरलेली आणि रिकामी यांत एक व्होल्टचाही फरक नाही. म्हणजे फक्त ‘१२.४’ एवढंच दाखवणारा, दशांशानंतर एकच आकडा असलेला मीटर घेतला, तर शेवटचा आकडा एकाने बदलला की चार्जमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक पडलेला असतो. दशांशानंतर दोन आकडे दाखवणारंच साधन घ्या. खोक्यावर बाकी काहीही लिहिलेलं असो, ही अट सोडू नका.

दोन आकडे दिसले म्हणजे दोन्ही खरे असतात, असंही नाही. साध्या मल्टिमीटरच्या कागदावर अचूकता बहुतेकदा ‘±०.५ टक्के आणि २ अंक’ अशी दिलेली असते. १२.६० ला याचा अर्थ प्रत्यक्ष व्होल्टेज १२.५२ ते १२.६८ मध्ये कुठेही असू शकतं. घरच्या कामाला एवढं चालतं, कारण आपल्याला रोज एकाच मीटरने तीच बॅटरी पाहायची असते. मात्र तुमच्या मीटरचा १२.४५ आणि शेजाऱ्याच्या मीटरचा १२.५२ यांवरून वाद घालू नका.

## टप्पा ३ : तुमची अडचण कोणती, त्याप्रमाणे साधन

### गाडी रोज चालते, फक्त बॅटरीची तब्येत पाहायची आहे: डिजिटल मल्टिमीटर

बहुतेकांना एवढंच पुरतं. तीनशे-पाचशे रुपयांतला साधा मल्टिमीटर चालतो, आणि तो थेट टर्मिनलवर टेकवत असल्यामुळे मधल्या वायरी, फ्यूज, सॉकेट यांचा घोळच उरत नाही. घेताना डीसी २० व्होल्टची रेंज, किंवा रेंज आपोआप निवडणारा प्रकार, आणि प्रोबच्या वायरी मऊ व जाड आहेत ना, हे पाहा. अगदी स्वस्त मीटरच्या प्रोबची वायर मुळाशीच तुटते आणि मग आकडा नाचतो.

> इशारा: लाल प्रोब ‘१०ए’ लिहिलेल्या भोकात असताना तो कधीही बॅटरीच्या दोन टर्मिनलांना लावू नका. त्या भोकाला आतून जवळजवळ काहीच रोध नसतो, म्हणजे तुम्ही बॅटरी सरळ शॉर्ट करता. स्वस्त मीटरवर तिथे ‘अनफ्यूज्ड’ असंच छापलेलं असतं. प्रोब वितळतो, हात भाजतो. लाल प्रोब ‘व्ही’ लिहिलेल्या भोकात आहे, हे दर वेळी डोळ्यांनी पाहूनच टेकवा.

### गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते: ब्लूटूथ मॉनिटर

पार्किंगमध्ये उभी राहणारी दुसरी गाडी, गणपतीला किंवा मे महिन्यात महिनाभर गावी जाणारे, परदेशातून वर्षातून एकदा येणारे मालक: यांच्यासाठी टर्मिनलला कायम जोडून ठेवायची लहान डबी उपयोगी. ती ठरावीक अंतराने व्होल्टेज नोंदवते आणि मोबाइलवर आलेख दाखवते. रात्रीतून बॅटरी किती उतरली आणि सेल्फ मारताना व्होल्टेज किती खाली गेलं, या दोन्ही गोष्टी मल्टिमीटरने एकट्याला पकडणं अवघड. इथे त्या आपसूक दिसतात.

खरेदीपूर्वी चार गोष्टी तपासा.

पहिली, डबी स्वतः किती करंट खाते. एक-दोन मिलिअँपिअर असेल तर महिन्याला साधारण एक एएच जातो, म्हणजे फिकीर नको. आकडाच छापलेला नसेल तर ते मॉडेल सोडा.

दुसरी, नोंदी डबीत साठतात की फोन जवळ असेल तेव्हाच. ब्लूटूथचा पल्ला मोकळ्यावर दहा-पंधरा मीटर. तळघरातल्या पार्किंगमधून चौथ्या मजल्यावर काही येणार नाही. त्यामुळे नोंदी डबीतच साठल्या पाहिजेत, तुम्ही गाडीजवळ गेलात की फोन त्या उचलेल. परदेशात बसून गाडीची बॅटरी पाहायची असेल तर ब्लूटूथ कामाचं नाही, सिम कार्ड असलेला ट्रॅकर लागतो, आणि तो बराच जास्त करंट खातो.

तिसरी, ॲप खातं उघडल्याशिवाय चालतं का. व्होल्टेज पाहायला फोन नंबर द्यावा लागत असेल तर दुसरं मॉडेल पाहा.

चौथी, वायरींच्या टोकाला बोल्टमध्ये बसणारी गोल कडी आहे की चिमटा. कायमसाठी कडीच हवी. चिमटा खड्ड्यांच्या रस्त्यावर सुटतो, आणि लाल चिमटा बॉडीला लागला की शॉर्ट.

### चालत्या गाडीत चार्जिंग पाहायचं आहे: लायटर सॉकेटचा मीटर

अल्टरनेटरवर शंका आहे, लांबच्या प्रवासात आकडा डोळ्यांसमोर हवा, तर हा ठीक. बॅटरी किती भरली आहे हे मात्र त्यावरून ठरवू नका. बऱ्याच गाड्यांत हे सॉकेट किल्ली फिरवल्यावरच चालू होतं, म्हणजे आकडा दिसतो तोवर पंखा, म्युझिक, फ्युएल पंप यांनी करंट ओढायला सुरुवात केलेली असते. त्यात मधल्या वायरीत थोडं व्होल्टेज पडतं. मोबाइल चार्जर आणि मीटर एकाच डबीत असलेला प्रकार तर टाळाच. फोन जोरात चार्ज होत असला की मीटरचा आकडा खाली येतो आणि तुम्ही उगाच बॅटरीला दोष देता.

### घरात ओबीडी ॲडॉप्टर पडलेला आहे: तपासणीपुरता वापरा

डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टच्या (मेकॅनिक गाडीतले बिघाड वाचायला वापरतो ते सॉकेट) १६ क्रमांकाच्या पिनवर बॅटरीचा थेट पुरवठा असतो, त्यामुळे स्वस्त ईएलएम-३२७ ॲडॉप्टरवरही व्होल्टेज दिसतं. पण नकली ॲडॉप्टरचा आकडा दोन-तीन दशांशाने सहज चुकतो. त्याहून वाईट म्हणजे तो कायम लावून ठेवला तर ४० मिलिअँपिअरसुद्धा खाऊ शकतो, म्हणजे दिवसाला जवळपास एक एएच. ३५ एएचच्या बॅटरीतून पंधरा दिवसांत १४-१५ एएच एकट्या त्यानेच काढले. गाडीचा स्वतःचा खर्च त्यावर वेगळा. बॅटरी राखायला लावलेल्या वस्तूनेच ती उतरवायची, असा प्रकार.

### डॅशबोर्डवर बसवायचा एलईडी पॅनल मीटर

दिसायला छान, स्वस्तही. पण वायरिंग करावं लागतं, आणि बॅटरीला थेट जोडला तर १५-२० मिलिअँपिअर रात्रंदिवस जात राहतात. जुन्या गाडीत, वायरिंगची सवय असेल तरच या वाटेला जा. नव्या, वॉरंटीतल्या गाडीत नको.

## टप्पा ४ : मीटर घरी आला की आधी त्यालाच तपासा

मल्टिमीटरची स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी उतरली की तो स्वस्त प्रकारांत खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू लागतो. पडद्यावर बॅटरीचं लहान चिन्ह आलं की कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नका, आधी सेल बदला.

मग ओळखीच्या वायरमनचा किंवा बॅटरीवाल्याचा चांगला मीटर मागून घ्या. दोन्ही मीटर एकाच वेळी, त्याच टर्मिनलांवर टेकवा आणि फरक मीटरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा: ‘+०.०६ जास्त दाखवतो’. एवढ्याने तीनशे रुपयांचा मीटर कामचलाऊ अचूक होतो.

लायटर सॉकेटच्या मीटरला हीच तपासणी दोनदा करावी लागते. इंजिन चालू ठेवून, एकदा सगळं बंद असताना आणि एकदा हेडलाइट व एसीचा पंखा पूर्ण चालू असताना, टर्मिनलवरचा आकडा आणि सॉकेटमधला आकडा लिहा. फरक ०.१ ते ०.३ असेल तर तो गाडीच्या वायरिंगचा. त्याहून जास्त असेल तर सॉकेट सैल आहे किंवा आत गंज आहे.

## टप्पा ५ : स्थिरावलेलं व्होल्टेज कसं घ्यायचं

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून क्रम मोडू नका.

१. गाडी रात्रभर, निदान सहा तास, बंद राहू द्या. इंजिन बंद केल्यावर काही वेळ प्लेटांवर वरवरचा चार्ज साचलेला असतो आणि अर्धी उतरलेली बॅटरीही १२.८-१२.९ दाखवते.

२. सकाळी आधी दार उघडून बॉनेटचा खटका ओढा, दार बंद करा, गाडी लॉक करा. रिमोट दाबला की गाडीतले कॉम्प्युटर जागे होतात, आतले दिवे लागतात आणि काही अँपिअर करंट जातो. ते पुन्हा झोपायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, काही गाड्यांत आणखी जास्त. तेवढं थांबा. बटण-स्टार्टची चावी खिशात ठेवून गाडीजवळ घुटमळू नका, तेवढ्यानेही गाडी जागी होते.

३. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचली असेल तर प्रोब क्लॅम्पवर न टेकवता मधल्या शिशाच्या खांबावर टेकवा, थोडा दाबून. भुकटीला उघडा हात लावू नका, तीत ॲसिड असतं.

४. मीटर डीसी २० वर. लाल प्रोब प्लसवर, काळा मायनसवर. आकड्यापुढे उणे चिन्ह आलं तर प्रोब उलटे लागलेत. मीटरला काही होत नाही, अदलाबदल करा.

५. पाच सेकंद आकडा स्थिर राहू द्या, मग लिहा. तारीख, वेळ, आकडा.

रात्रभर थांबणं शक्यच नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि मग मोजा. वरवरचा चार्ज बराचसा निघून जातो. पण हा आकडा दुय्यम समजा.

> तपासा: आकडा १२.४ च्या खाली आला की चार्जरने बॅटरी पूर्ण चार्ज करा. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि गेलेली क्षमता परत येत नाही. उभी गाडी दहा मिनिटं नुसती चालू ठेवून हे भरून निघत नाही. सेल्फने खाल्लेलं आणि थोडं वर, एवढंच मिळतं.

सेन्सर असलेल्या गाडीत चार्जरचा काळा चिमटा बॅटरीच्या मायनसवर न लावता बॉडीच्या अर्थ बोल्टवर लावा. नाहीतर आत किती चार्ज गेला ते सेन्सरला कळतच नाही आणि कॉम्प्युटरचा हिशोब चुकतो.

## टप्पा ६ : सेल्फ मारताना आणि इंजिन चालू असताना

सेल्फ. मीटर टर्मिनलवर धरून दुसऱ्या कोणाला तरी गाडी सुरू करायला सांगा. व्होल्टेज क्षणभर १० ते ११ पर्यंत पडणं नेहमीचं. ९.६ च्या खाली जात असेल, आणि बॅटरी आधी पूर्ण चार्ज केलेली असेल, तर ती थकलेली आहे. साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे सगळ्यात खालचा क्षण हुकतो. ‘मिन’ बटण असलेला मीटर किंवा ब्लूटूथ मॉनिटर इथे सरस.

चार्जिंग. इंजिन सुरू करा, आरपीएम १५०० च्या आसपास ठेवा. सेन्सर नसलेल्या गाडीत १३.८ ते १४.७ दिसायला हवं. मग हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर लावा; १३.५ च्या खाली जाऊ नये. १५ च्या वर स्थिर राहत असेल तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी उकळेल. १२.६ वरून हलतच नसेल तर बेल्ट, अल्टरनेटर, मधला मोठा फ्यूज या क्रमाने पाहा.

सेन्सरवाल्या गाडीत मात्र जोर दिल्यावर १२.५ आणि उतारावर पाय सोडल्यावर १५ च्या जवळ, असं दोन्ही दिसू शकतं. तो बिघाड नाही. अशा गाडीत एका आकड्यावरून अल्टरनेटर उतरवून घेऊ नका.

## टप्पा ७ : ब्लूटूथ मॉनिटर किंवा पॅनल मीटर बसवणं

आधी रेडिओचा कोड लागतो का ते मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा, कारण बॅटरी काढली की घड्याळ, काचांचं ऑटो सेटिंग वगैरे पुसलं जातं.

१. किल्ली बंद, गाडी लॉक, वीस मिनिटं थांबा. हातातलं कडं, अंगठी काढा.
२. दहा नंबरच्या पान्याने मायनस क्लॅम्प आधी सोडवा आणि बाजूला फडक्यात गुंडाळा. हे न करता प्लसचा नट सैल केला आणि पाना बॉडीला लागला, तर ठिणगी उडते. बॅटरीजवळ हायड्रोजन असतो.
३. लाल वायरची कडी प्लस क्लॅम्पच्या बोल्टमध्ये घालून नट घट्ट करा. क्लॅम्प आणि खांब यांच्या मधे कडी अडकवू नका, सेल्फचा सगळा करंट तिथून जातो आणि सांधा तापतो.
४. मायनस क्लॅम्प परत लावताना काळी कडी त्याच्या बोल्टमध्ये. सेन्सर असेल तर त्याला न छेडता काळी वायर बॉडीच्या अर्थ बोल्टवर घ्या.
५. क्लॅम्प हाताने फिरवून पाहा. हलता कामा नये.
६. डबी बॅटरीच्या बाजूला दुहेरी चिकटपट्टीने बसवा, एक्झॉस्टपासून दूर. बॅटरीच्या झाकणावरची हवेची भोकं झाकू नका.

पॅनल मीटरसाठी गाडीचं मूळ वायरिंग कापू नका. किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजवर फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) लावा, त्यात १ अँपिअरचा फ्यूज घाला. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावायचा नाही. बॅटरीपासून थेट वायर आणणार असाल तर फ्यूज प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरातच हवा. मीटरजवळ बसवलेला फ्यूज मधली वायर घासून उघडी पडली तर काहीच वाचवत नाही.

> तपासा: बसवल्यावर मल्टिमीटर टर्मिनलवर टेकवून दोन्ही आकडे जुळवा. ०.०५ च्या आत फरक असेल तर काम झालं.

## टप्पा ८ : अलार्म आणि नोंदी

ॲपमध्ये कंपनीने ठेवलेला अलार्म कित्येकदा ११.८ सारख्या आकड्यावर असतो, तेव्हा उशीर झालेला असतो. तो १२.२ वर आणा. पार्किंग मोडवाला डॅशकॅम असेल तर त्याचं कट-ऑफही १२.२ च्या खाली ठेवू नका.

मग सलग चार-पाच दिवस गाडी न हलवता रोज सकाळचा आकडा लिहा. चांगल्या गाडीत झोपेतला खर्च २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ५० धरला तर दिवसाला १.२ एएच, म्हणजे ३५ एएचची बॅटरी पंधरवड्यात निम्मी. आकडा दिवसाला एक ते तीन शतांशाने उतरणं यात बसतं. दोन दिवसांत १२.६ चा १२.३ झाला तर काहीतरी करंट खातंय: बाहेरून बसवलेलं म्युझिक, ट्रॅकर, डिकीचा न विझणारा दिवा. एकेक काढून पुन्हा दोन दिवस मोजा, एका वेळी एकच. सगळं काढूनही आकडा पडतच असेल तर बॅटरी मायनस काढून ठेवून दोन दिवस पाहा. तरीही उतरली तर दोष बॅटरीच्या पोटातच.

व्होल्टमीटरला एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे क्षमता. चार वर्षांची बॅटरी १२.६५ दाखवते आणि सेल्फला ८ वर कोसळते, कारण प्लेटांचं बरंचसं सामान झडून गेलेलं असतं आणि उरलेलं मात्र पूर्ण चार्ज असतं. स्थिरावलेला आकडा चांगला आणि सेल्फचा वाईट, अशी जोडी दिसली की आधी टर्मिनल आणि अर्थच्या वायरी साफ करून घट्ट करा, मग बॅटरीवाल्याकडे लोड टेस्ट करून घ्या. टेस्टआधी बॅटरी पूर्ण चार्ज असली पाहिजे. उतरलेली नेली तर चांगली बॅटरीही नापास होते आणि दुकानदार नवी विकतो.